गवंडी की शिपाई?

मारुंजी हे पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील एक गाव. एके काळी ते शेतीवर जगणारे गाव होते. हिंजवडीच्या लगत असल्यामुळे गेल्या काही वर्षांत त्याचा कायापालट झाला. जेथे शेतांचे बांध होते, तेथे आता उंच उंच इमारती उभ्या राहत आहेत. प्रत्येक नव्या इमारतीच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्यांची एक रांग दिसते. त्या खोल्यांत गवंडी, सुतार, सळया बांधणारे आणि घमेली वाहणारे स्त्रीपुरुष राहतात. इमारत पुरी झाली म्हणजे पत्रे उतरतात, चुली विझतात आणि ती माणसे दुसऱ्या कामावर निघून जातात. पुढे इमारतीवर मालकाचे नाव झळकते. भिंती उभारणाऱ्यांचे नाव कोठेही नसते.

याच मारुंजीहून वाकड, सांगवी या वाटेने दापोडीस गेलो, तर मुळेच्या काठी एक मोठी लष्करी संस्था लागते. तिचे नाव लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय. ही संस्था प्रथम रुडकी येथे होती; १९४८ साली ती येथे आली. पूल बांधणे, रस्ते काढणे, सुरुंग पेरणे आणि शत्रूने पेरलेले सुरुंग काढून टाकणे हे येथे शिकविले जाते. दापोडीच्या पलीकडे खडकीस 'बॉम्बे सॅपर्स' या सैन्यदलाचे केंद्र आहे. सॅपर म्हणजे सैन्यातील बांधकाम करणारा शिपाई. त्याच्या खांद्यावर बंदूक असते आणि हातात कुदळ, पहार किंवा करवत असते.

आता, मुलांनो, एक प्रश्न मनात येतो. लढाई चालू असताना जो माणूस भिंत बांधतो, त्यास काय म्हणावे? तो मजूर की शिपाई? त्याच्यावर गोळी झाडली गेली तर त्याने काय करावे? त्याच्या अन्नाची, पगाराची, घरी राहिलेल्या मुलाबाळांची जबाबदारी कोणी घ्यावी? आणि तो शत्रूच्या हाती लागला तर शत्रूने त्यास कसे वागवावे?

जमिनीवर हा प्रश्न अवघड आहेच. समुद्रावर तो अधिक अवघड होतो. जमिनीवरील मजुरास संकट आले तर पळून जाण्यास रान असते, डोंगर असतो. बेटावर काम करणाऱ्यास पळावयास जागाच नसते. त्याच्या चारी बाजूंस पाणी, आणि त्यातील एक थेंबही पिण्याजोगा नाही. चुना, लाकूड, धान्य, गोडे पाणी हे सारे होडीतून यावयाचे. वाटेत शत्रूची जहाजे उभी असली, तर काम करणारा आणि लढणारा यांच्यातील भेद फार काळ टिकत नाही. हे कसे घडते, ते आपल्याच किनाऱ्यावर एकदा चांगले दिसून आले.

मुंबईच्या दक्षिणेस, अलिबागजवळच्या थळ गावासमोर समुद्रात दोन बेटे आहेत. मोठे ते खांदेरी, लहान ते उंदेरी. खांदेरीवर उभे राहिले म्हणजे मुंबई बंदराकडे जाणारे-येणारे प्रत्येक जहाज दृष्टीस पडते. सतराव्या शतकात मुंबईस इंग्रजांची वखार व किल्ला होता. दक्षिणेस जंजिऱ्याच्या सिद्दीचे आरमार होते. पावसाळ्यात सिद्दीची गलबते मुंबईच्या आश्रयास येऊन राहत, आणि पावसाळा संपला की कोकणच्या किनाऱ्यावर लूटमार करीत. खांदेरीवर किल्ला झाला तर या दोघांवरही नजर ठेवता येईल, हे शिवाजी महाराजांनी ओळखले होते. १६७२ साली त्यांनी हा विचार केला. पण विरोध पाहून तो लांबणीवर टाकला. १६७९ च्या पावसाळ्यात, समुद्र अजून खवळलेला असताना, त्यांनी मायनाक भंडारी यांस बेटावर पाठविले. मायनाकांबरोबर सुमारे दीडशे माणसे आणि चार लहान तोफा होत्या.

या माणसांनी बेटावर उतरताच दगडमातीचे धक्के घालण्यास प्रारंभ केला. बेटावर दगड मुबलक होता. तो फोडावयाचा, उचलावयाचा आणि किनाऱ्यालगत रचावयाचा. इंग्रजांस ही बातमी मिळाली तेव्हा त्यांनी बेट आपले असल्याचा दावा केला आणि काम थांबविण्यास सांगितले. मायनाकांनी आपल्या राजाच्या आज्ञेवाचून बेट सोडण्याचे नाकारले. मग इंग्रजांनी जहाजे आणून बेटास वेढा घातला. सप्टेंबर महिन्यात त्यांच्या फ्रान्सिस थॉर्प नावाच्या लेफ्टनंटाने थोड्या सैनिकांसह बेटावर उतरण्याचा प्रयत्न केला. अर्धवट रचलेल्या धक्क्यांआडून त्याच्यावर मारा झाला आणि तो ठार झाला.

क्षणभर हे दृश्य डोळ्यांसमोर आणा. भिंत अजून छातीएवढी झाली आहे. तिच्यावर पुढचा दगड चढवावयाचा आहे. तेवढ्यात समुद्राकडून होडी येते. दगड तेथेच ठेवून त्याच भिंतीआड बसावयाचे आणि होडी मागे फिरली की पुन्हा तोच दगड उचलावयाचा. भिंत जितकी उंच होईल तितका जीव सुरक्षित. आणि जीव वाचेल तरच भिंत उंच होईल. अशा ठिकाणी दीडशे माणसांतील कोण पाथरवट आणि कोण बंदूकवाला, हे विचारण्यात फारसा अर्थ राहत नाही.

पण नुसत्या धैर्याने बेट टिकले नसते. इंग्रजांची जहाजे मोठी, तोफा भारी. तथापि ती वाऱ्यावर चालत. वारा पडला की ती जागच्या जागी डोलत राहत. मराठ्यांच्या होड्या लहान, तळाला उथळ आणि वल्ह्यांनी चालणाऱ्या होत्या. रात्री, वारा पडलेला पाहून, त्या थळ-नागावच्या बाजूने निघत आणि इंग्रजांच्या जहाजांमधून वाट काढीत बेटाला लागत. त्यांतून धान्य, दारूगोळा, बांधकामाचे सामान आणि नवी माणसे येत. ज्या दर्यावर्दी माणसांनी ही वल्ही मारली, त्यांसही खांदेरीचे बांधकरीच म्हटले पाहिजे. भिंतीचा दगड बेटावरचा असला, तरी तो उचलणाऱ्याच्या पोटातील अन्न त्यांनी पोहोचविले होते.

ऑक्टोबर महिन्यात इंग्रजांनी आपले आरमार वाढविले. 'रिव्हेंज' नावाचे मोठे जहाज, त्यावर रिचर्ड केग्विन हा अनुभवी अधिकारी आणि भोवती लहान जहाजे असा त्यांचा बेत होता. इंग्रजांच्या त्या काळच्या पंचांगाप्रमाणे १८ ऑक्टोबर १६७९ रोजी सकाळी दौलतखानाच्या सुमारे साठ गलबतांनी त्यांच्यावर चाल केली. इंग्रजांचे 'डव्ह' नावाचे जहाज मराठ्यांच्या हाती लागले. केग्विनने मात्र 'रिव्हेंज'वरून नेटाने तोंड दिले, आणि दौलतखानास मागे फिरावे लागले. त्या दिवशी कोण जिंकले याविषयी वाद घालता येईल. परंतु बेटावरचे काम थांबले नाही, ही गोष्ट वादातीत आहे. पुढे सिद्दी कासम आपले आरमार घेऊन आला आणि १६८० च्या जानेवारीत त्याने शेजारची उंदेरी बळकावली. खांदेरी त्यासही मिळाली नाही. खर्चाने टेकीस आलेल्या इंग्रजांनी जहाजे परत बोलाविली आणि त्याच वर्षी मराठ्यांशी तह केला.

खांदेरीचा किल्ला आजही उभा आहे. २०२५ साली युनेस्को या आंतरराष्ट्रीय संस्थेने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाचा मान दिला; त्यांत सिंधुदुर्ग, विजयदुर्ग आणि सुवर्णदुर्ग यांच्याबरोबर खांदेरीही आहे. मायनाक भंडारी व दौलतखान यांची नावे इतिहासात राहिली. दगड रचणाऱ्यांपैकी एकाचेही नाव राहिले नाही.

समुद्रातील बांधकामाचे हे कौशल्य एका दिवसात आलेले नव्हते. पंधरा वर्षे आधी, १६६४ च्या नोव्हेंबरात, मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामास आरंभ झाला होता. बखरीत सांगितले आहे की, तेथे शेकडो पाथरवट व लोहार आणि तीन हजार मजूर राबत होते व पायाच्या दगडांत शिसे ओतले गेले. बखरीतील आकडे मोजूनमापून घेतलेले नसतात, हे लक्षात ठेवावे. परंतु सुमारे तीन किलोमीटर लांबीचा तट पाहिला म्हणजे माणसे थोडीथोडकी नव्हती, याची खात्री पटते. सागरी तटाच्या पायाचे काम चोवीस तास करता येत नाही. ओहोटी लागली की खडक उघडा पडतो. तेवढ्या थोड्या घटकांत जागा साफ करावयाची, दगड बसवावयाचा, आणि भरतीचे पाणी घोट्याला लागले की मागे सरावयाचे. म्हणून गवंड्यास ओळंब्याइतकेच तिथीचेही ज्ञान असावे लागे. अमावास्या-पौर्णिमेस उधाण येते, अष्टमीच्या सुमारास पाण्याचा चढउतार कमी असतो, हे कोळ्याच्या पोरास ठाऊक असते. देशावरच्या पाथरवटास ते येथे येऊन शिकावे लागले असेल.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर त्यांची आणखी एक युक्ती पाहावयास मिळते. तेथील तटाचे प्रचंड दगड चुना न घालता नुसते एकावर एक रचले आहेत. लाट येऊन आदळली की तिचे थोडे पाणी दगडांच्या फटींतून आत शिरते आणि तिचा जोर मोडतो. सांधे चुन्याने घट्ट बुजविले असते, तर प्रत्येक लाटेचा सगळा धक्का भिंतीस सोसावा लागला असता.

बांधकरी उपाशी राहिला तर काय होते, याचा विचारही त्या काळी झालेला होता. मुरूडजवळ, जंजिऱ्याच्या समोर, कासा नावाच्या खडकावर शिवाजी महाराज पद्मदुर्ग बांधीत होते. सिद्दीच्या तोफा समोरच होत्या. या कामासाठी व तेथील आरमारासाठी पैसा आणि धान्य पोहोचविण्याची आज्ञा प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांस झाली होती. त्यांनी ती पाळण्यात हयगय केली. १६७५ च्या जानेवारीत महाराजांनी त्यांस एक पत्र लिहिले, ते आज उपलब्ध आहे. पत्रातील भाषा जळजळीत आहे. राजपुरीच्या समोर आपण दुसरी राजपुरी उभी करीत आहोत आणि अशा वेळी तुम्ही रसद अडवून ठेवता, म्हणजे शत्रूने तुम्हांस फितविले असले पाहिजे, असा त्यांचा आरोप आहे. आणि असा चाकर ब्राह्मण असला तरी त्याची गय केली जाणार नाही, असे त्यांनी बजावले आहे.

आमच्या मते त्या काळच्या पत्रांत या पत्राचे मोल फार मोठे आहे. किल्ल्यावर हल्ला करणारा शत्रू आणि किल्ला बांधणाऱ्यांचे धान्य वेळेवर न पाठविणारा अधिकारी, या दोघांस महाराजांनी एकाच मापाने मोजले. भर समुद्रात दगड रचणारा माणूस मजूर असो की शिपाई, त्याला उपाशी ठेवणे म्हणजे लढाई हरणे, हा त्याचा अर्थ.

यानंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास, हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. आणि त्या वेळी त्याचे उत्तर फार महाग पडले.

पॅसिफिक महासागराच्या मध्यभागी वेक नावाचे एक चिमुकले प्रवाळबेट आहे. १९४१ साली अमेरिकेच्या नौदलाने तेथे विमानतळ व आरमारी तळ बांधण्यास घेतला. बांधकाम ठेकेदारांकडे होते. सुमारे अकराशे कामगार अमेरिकेतून तेथे आले. त्यांत सुतार होते, यंत्रे चालविणारे होते, स्वयंपाकी होते. चांगला पगार मिळेल, काम संपले की घरी जाऊ, एवढाच त्यांचा हिशेब. डिसेंबरच्या आठव्या तारखेस जपानी विमानांनी बेटावर बॉम्ब टाकले. बेटाच्या रक्षणास सैनिक होते अवघे साडेचारशेच्या आसपास.

कामगारांपुढे पेच पडला. ते सैन्यात नव्हते. त्यांस गणवेश नव्हता, बंदूक चालविण्याचे शिक्षण नव्हते. त्यातही गणवेश नसलेल्या माणसाने शस्त्र उचलले आणि तो पकडला गेला, तर शत्रू त्यास शिपायाची वागणूक देईलच, असा भरवसा नव्हता. तरीही त्यांच्यापैकी कित्येकजण पुढे आले. कोणी तोफगोळे वाहिले, कोणी खंदक खणले, कोणी प्रत्यक्ष तोफेवर उभे राहिले. २३ डिसेंबरला बेट पडले. बहुतेक कैद्यांना जपान्यांनी चीन व जपानमधील छावण्यांत नेले. ९८ कामगारांस मात्र बांधकामासाठी बेटावरच ठेवून घेतले. दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९४३ मध्ये, अमेरिकेच्या विमानांनी बेटावर मोठा हल्ला केला. आता अमेरिकन सैन्य उतरणार, या भीतीने जपानी सेनापतीने त्या ९८ जणांस ठार मारण्याची आज्ञा दिली.

त्यांपैकी एकजण कसाबसा निसटला. त्याने समुद्रकाठच्या एका मोठ्या खडकावर काही अक्षरे कोरली: ९८ हा आकडा, आपण अमेरिकन युद्धकैदी आहोत याची खूण, आणि एक दिनांक. पुढे तोही पकडला गेला व मारला गेला. तो खडक आजही तेथे आहे. युद्ध संपल्यावर त्या सेनापतीवर खटला चालला आणि त्यास फाशी झाली. पण खडकावर अक्षरे कोरणारा तो कामगार कोण, हे कोणासही सांगता आले नाही. त्याने स्वतःचे नाव कोरले नाही. 'युद्धकैदी' हा शब्द सामान्यतः शिपायासाठी वापरतात; त्या कामगाराने तो आपल्यासाठी व आपल्या सोबत्यांसाठी वापरला.

येथे आपल्याकडील एका पायरीची आठवण होते. रायगडावर जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर हिरोजी या बांधकाम-प्रमुखाने आपले नाव कोरून ठेवले आहे. दर्शनास जाणाऱ्याच्या पायाची धूळ त्यावर पडावी, म्हणून पायरीची जागा निवडली असे म्हणतात. त्यास नाव कोरण्यास वेळ होता, उजेड होता आणि राजाची मर्जी होती. वेकच्या कामगारापाशी यांपैकी काहीच नव्हते.

वेक पडल्यानंतर पाचच दिवसांनी, २८ डिसेंबर १९४१ रोजी, अमेरिकन नौदलाच्या बांधकाम खात्याचे प्रमुख बेन मोरेल यांनी मागणी केली की, यापुढे रणक्षेत्रातील बांधकाम करणारे लोक नौदलाचे सैनिकच असावेत. जानेवारीच्या ५ तारखेस त्यांस परवानगी मिळाली. अशा रीतीने नौदलाच्या बांधकाम-पलटणी निर्माण झाल्या. इंग्रजीत त्या पलटणींच्या नावाच्या आद्याक्षरांचा उच्चार 'सी-बी' असा होतो, आणि 'सी-बी' म्हणजे समुद्रावरची मधमाशीही होते. म्हणून त्यांनी आपले बोधचिन्ह मधमाशीचेच केले. डोक्यावर खलाश्याची टोपी, आणि हातांत बंदूक, पाना व हातोडा अशी ती माशी आहे. आम्ही बांधतो, आम्ही लढतो, असे त्यांचे ब्रीद आहे.

या पलटणींत प्रथम जे लोक आले ते कोवळे तरुण नव्हते. धरणे, रस्ते, पूल बांधून हात घटलेले, सदतीसच्या सरासरी वयाचे ते कसबी कारागीर होते. कोणाचे काम किती चांगले, हे पाहून त्यांस हुद्दा दिला जाई. अशा प्रौढ गवंड्यांस शिपायाची कवाईत शिकविणे सोपे नसेल; पण ज्यास भिंत बांधता येते त्यास बंदूक शिकविता येते, हा मोरेल यांचा विश्वास होता. त्यांच्यावर हुकूम कोणाचा चालावा, यावरूनही नौदलात वाद झाला. परंपरेने सैन्यदलाचे नेतृत्व लढाऊ अधिकाऱ्याकडे असे. मोरेल यांनी ते बांधकाम खात्याच्या अभियंत्यांकडे मिळविले. हे लोक पुढे ग्वादालकनाल बेटावरील विमानतळावर होते. शत्रूच्या विमानांनी धावपट्टीवर खड्डे पाडावेत आणि यांनी ते बुजवावेत, असा तेथील दिनक्रम होता. एक खड्डा बुजविण्यास किती माती व किती लोखंडी जाळ्या लागतात, हे त्यांनी मोजून ठेवले होते. तेवढा माल भरलेल्या मोटारी धावपट्टीच्या कडेला तयार उभ्या असत. हल्ला संपताच त्या खड्ड्याकडे धावत. दुसऱ्या महायुद्धात सुमारे सव्वातीन लाख लोकांनी या पलटणींत काम केले.

आपल्या देशाच्या नौदलाने मात्र अशा स्वतंत्र पलटणी ठेवलेल्या नाहीत. आपल्याकडे भूदल, नौदल व हवाईदल या तिन्हींची बरीचशी बांधकामे सैनिकी अभियंता सेवा ही एकच संस्था पाहते. तिची स्थापना १९२३ साली झाली. नौदलाच्या तळावरील निवासस्थाने, पाण्याच्या टाक्या, वीज, रस्ते आणि कित्येक ठिकाणी धक्केसुद्धा तिच्याकडे असतात. तिच्यात गणवेशातील अभियंते आहेत. पण फार मोठी संख्या नागरी कर्मचाऱ्यांची आहे. नौदलाच्या वसाहतीत नळ दुरुस्त करणारा, वीज जोडणारा किंवा भिंतीस गिलावा करणारा माणूस बहुधा सैनिक नसतो. सकाळी तो फाटकावर ओळखपत्र दाखवून आत जातो आणि सायंकाळी घरी परततो. लढाईच्या आघाडीवर जाऊन बांधण्याचे वा पाडण्याचे काम असेल, तेथे सॅपर जातो.

खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधील अशा एका सॅपरचे नाव आपण विसरता कामा नये. रामा राघोबा राणे हे कारवारजवळच्या चेंडिये गावचे. एप्रिल १९४८ मध्ये काश्मीरमधील नौशेराहून राजौरीकडे जाणारा रस्ता सुरुंगांनी व अडथळ्यांनी बंद झाला होता. तो मोकळा झाल्याखेरीज रणगाडे पुढे जाऊ शकत नव्हते. ८ एप्रिलला काम सुरू होताच शत्रूच्या माऱ्यात त्यांचे दोन साथीदार ठार झाले आणि राण्यांसह पाचजण जखमी झाले. तरी ते थांबले नाहीत. रणगाड्याच्या खाली, त्याच्याच आडोशाने ते सरपटत पुढे जात. वरच्या चालकास आवाज ऐकू जाणार नाही म्हणून त्यांनी त्याच्याकडे दोन दोऱ्या सोडल्या होत्या. एक ओढली की पुढे चल, दुसरी ओढली की थांब. ११ एप्रिलपर्यंत, जवळजवळ विश्रांतीवाचून, त्यांनी वाट मोकळी केली. त्यांस परमवीर चक्र मिळाले. ज्या कारवार किनाऱ्यावरचे ते, तेथेच पुढे भारतीय नौदलाचा 'कदंब' हा मोठा तळ उभा राहिला.

गणवेशातील सॅपर आणि नागरी कामगार यांच्यामधला एक तिसरा वर्गही आपल्याकडे आहे, आणि त्याचे केंद्र मारुंजीपासून दूर नाही. सीमाभागात रस्ते बांधणाऱ्या सीमा सडक संघटनेची स्थापना १९६० साली झाली. तिच्या मनुष्यबळाचे नाव 'ग्रेफ', आणि त्याचे शिक्षणकेंद्र दिघी येथे आहे. या लोकांस लष्करी कायद्याची काही कलमे लागू होती आणि त्याच वेळी मुलकी नोकरीचे नियमही लागू होते. मग ते सैनिक की कामगार? त्यांस इतर कामगारांप्रमाणे संघटना करता येईल की नाही? हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८३ साली न्यायालयाने निर्णय दिला की, ग्रेफ हे सशस्त्र दलांचाच भाग आहे आणि म्हणून त्यांच्या हक्कांवर सैनिकांप्रमाणे मर्यादा घालता येतील. कामगारांनी स्वतः हा निर्णय मागितला नव्हता. त्यांस संघटनेचा हक्क हवा होता. 'शिपाई' हे नाव नेहमीच बक्षीस म्हणून मिळते असे नाही. कधी त्याबरोबर बंधनेही येतात.

आता पुन्हा समुद्राकडे वळू. २८ सप्टेंबर २०१९ रोजी मुंबईत नौदलाचे दोन समारंभ एकाच दिवशी झाले. एका नव्या पाणबुडीवर नौदलाचा ध्वज चढला. त्या पाणबुडीचे नाव 'खांदेरी'. आणि नौदलाच्या गोदीवाड्यात एका प्रचंड सुक्या गोदीचे उद्‌घाटन झाले. सुकी गोदी म्हणजे जहाज आत घेऊन, दार लावून, पाणी उपसून टाकण्याचा दगडी किंवा काँक्रीटचा हौद. मुंबईस अठराव्या शतकापासून अशा गोद्या आहेत. १८१० साली पुरी झालेली डंकन गोदी त्यांतील एक प्रसिद्ध आहे. पण विमानवाहू जहाज मावेल एवढी गोदी नौदलापाशी तेथे नव्हती. नवी गोदी सुमारे २८१ मीटर लांब, ४५ मीटर रुंद आणि १७ मीटर खोल आहे. हे तीन आकडे गुणून पाहा. उत्तर दोन लाख घनमीटरांहून अधिक येईल. म्हणजे वीस कोटी लीटरांहून जास्त पाणी तीत मावते.

ही गोदी जमिनीत खणलेली नाही. ती समुद्रातच बांधली आहे. बांधणाऱ्यांस आधी पाणी अडवून धरावे लागले, मग तळ कोरडा करावा लागला, मग खडकापर्यंत पोहोचावे लागले. हे काम खाजगी बांधकाम कंपनीच्या कामगारांनी केले. ते नौदलाचे सैनिक नव्हते. त्यांच्यावर कोणी तोफ रोखलेली नव्हती, आणि त्यांचे धान्य रात्रीच्या होडीतून आणावे लागत नव्हते. काम पुरे झाल्यावर ते इतरत्र गेले.

आज त्या गोदीत जहाज आणावयाचे असले म्हणजे प्रथम समुद्र आत घेतात. सारा तळ पाण्याखाली जातो. जहाज आत येऊन नेमक्या जागी उभे राहते, दार बंद होते आणि पंप सुरू होतात. पाणी उतरू लागते. जहाजाचे पोट उघडे पडते, त्यावर चिकटलेली कालवे दिसू लागतात आणि शेवटी काँक्रीटचा ओला तळ दिसतो. मग गोदीवाड्याचे कामगार पायऱ्या उतरून खाली जातात. त्यांच्या खांद्यांवर शिड्या व हातांत खरवडण्या असतात. दाराच्या पलीकडे, त्यांच्या डोक्यांहून कितीतरी उंच, समुद्र उभा असतो.